पानाला पुरेल एवढा गारवा

दानम्माक्का खुर्चीत टेकायच्या आधीच विचारायच्या, "तम्मा, आज किती?"

हिमोग्लोबिनची तपासणी महिन्यातून एकदाच होते हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी लातूरच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी त्या हाच प्रश्न विचारायच्या. मी मागच्या तपासणीचा आकडा पुन्हा सांगायचो. तो ऐकून त्या पदर सावरायच्या, डावा हात उशीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बरं, टोच आता."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. उदगीर कर्नाटकाच्या तोंडाशी असल्यामुळे तिथल्या मराठीत असे शब्द सहज येतात. मी लोह्याचा. नांदेडला डायलिसिस टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि लातूरला नोकरी धरली. अक्कांनी तम्मा म्हटलेलं मला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. आता ते ऐकलं की मी हातातलं काम नीट बघून करतो, एवढंच सांगतो.

अक्का उदगीरच्या बाजारात विड्याची पानं विकायच्या. दुकान त्यांचे नवरे सिद्रामप्पा यांचं. ते गेल्याला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ महांतेश शिक्षणासाठी शिरूर अनंतपाळहून दहाव्या वर्षी अक्कांकडे आला, तो त्यांच्याच घरी वाढला आणि उदगीरलाच शाळेत मास्तर झाला. आता तो बायको दामिनीसह शेजारच्याच घरात राहत होता.

पानांचा धंदा म्हणजे उन्हाशी भांडण, असं अक्का सांगायच्या. पान तोडलं की मरायला लागतं, त्याला जिवंत ठेवणं हीच सगळी विद्या. ओलं गोणपाट किती पिळायचं, वाळूवर पाणी किती वेळा शिंपडायचं, पानं रोज फिरवून डागाळलेलं कोणतं काढायचं, हे सगळं त्यांच्या बोटांना कळत होतं. बाजारातल्या इतरांची पानं मे महिन्यात चौथ्या दिवशी पिवळी पडायची, अक्कांची आठ दिवस टिकायची. हा त्यांचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत.

रक्तदाबानं त्यांच्या किडन्या गेल्या. उदगीरला नंबर लागला नाही म्हणून त्या लातूरला येऊ लागल्या. पहाटे उठून अंघोळ, मग लिंगपूजा, मग गाडी. अक्का लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्या पूजा करायच्या आणि दोन-तीन तासांनी त्याच हाताला मी दोन जाड सुया लावायचो. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं होतं की उजवा चालणार नाही का. डॉक्टरांनी डाव्या हाताची नस तयार केली आहे, ती आता बदलता येत नाही, असं मी सांगितलं. त्या थोडा वेळ तळहाताकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी हात पुढे केला.

किडनी गेली की रक्तही कमी होतं. किडनी नुसती लघवी तयार करत नाही. नवं रक्त तयार करा, हा निरोप हाडांच्या आत तीच पाठवत असते. ती थकली की निरोप थांबतो आणि माणूस आतून फिकट होत जातो. अक्कांनी ते आमच्याआधी ओळखलं होतं. नखं दाखवत म्हणाल्या होत्या की हे देठाकडून पिवळं पडलेलं पान आहे, हे टिकत नसतं. तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ होतं. दुकानाची पायरी चढताना त्या दोनदा थांबायच्या.

यावर इंजेक्शन असतं. किडनीचा थांबलेला निरोप बाहेरून द्यायचा. आमच्या सेंटरचा फ्रिज लहान होता, म्हणून पेशंट महिन्याची इंजेक्शनं घरी ठेवायचे आणि दर वेळी एक बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायचे. महांतेशनं त्यासाठीच अक्कांना एक छोटा फ्रिज घेऊन दिला. मी त्याला बजावून सांगितलं की दोन ते आठ अंश, खाली नाही, वर नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

मी पहिली बाटली दिली तेव्हा अक्कांनी मला सहज विचारलं की यात काय असतं.

दुसऱ्या कुणीही रक्त वाढायचं औषध एवढंच सांगितलं असतं. मी स्टूल ओढून बसलो. डिप्लोमा करताना मला जे सगळ्यात भारी वाटलं होतं ते हेच होतं. मी त्यांना सांगितलं की माणसाच्या शरीरातला हा निरोप आता कारखान्यात तयार होतो आणि तो तयार करणाऱ्या पेशी एका परदेशी, उंदरासारख्या प्राण्याच्या आहेत. तो प्राणी केव्हाच मेला, पण त्याच्या पेशी पोलादी टाक्यांमधून वाढत राहिल्या आहेत, पिढ्यानपिढ्या. मी हातवारे करून सांगत होतो.

"उंदराच्या?" अक्का म्हणाल्या.

उंदीर नाही, उंदरासारखा, मी म्हणालो. आणि औषधात त्याचा अंशही नसतो, सगळं गाळून घेतलेलं असतं. त्यांनी ती बाटली बोटांत धरून उजेडाकडे केली. आत पाण्यासारखं स्वच्छ होतं. मग म्हणाल्या, "जीवासाठी घ्यावं लागतंय. घेऊ."

मला लई आनंद झाला. फाइलमध्ये मी लिहिलं, 'रुग्णास औषधाची माहिती समजावून सांगितली.' ती नोंद अजून तिथं आहे, माझ्या अक्षरात, सहीसकट.

फेब्रुवारीत महांतेश आपली किडनी द्यायला तयार झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. दहाव्या वर्षापासून तो तिच्या हातचं जेवला होता, तिचं काहीतरी परत करायचं होतं. हैदराबादला तपासण्या झाल्या. दोघांचा रक्तगट एक निघाला. शेवटची तपासणी क्रॉसमॅचची. अक्कांच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, महांतेशच्या पेशींवर घालून बघतात की दोघांचं भांडण होतं का. झालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी एकच अट घातली, की हिमोग्लोबिन नऊच्या वर आणा आणि मग या. आणि बजावलं की शक्यतो रक्त चढवू नका, इंजेक्शननंच वाढवा. परक्या रक्तातून परक्या पेशी आत येतात, शरीर त्यांच्याविरुद्ध तयारी करतं, आणि तीच तयारी उद्या भावाच्या किडनीवर उठू शकते.

त्या दिवसापासून "आज किती" याचा अर्थ नऊ झाले का, असा होता. नऊ झाले की हैदराबाद, आणि मग सोमवार-गुरुवारची गाडी कायमची बंद. श्रावणाआधी व्हावं, असं अक्कांना वाटत होतं. श्रावणात पानांना मागणी असते.

मार्चमध्ये आकडा सहा पूर्णांक सात आला. मी म्हणालो, वेळ लागतो. एप्रिलमध्ये सहा पूर्णांक दोन.

मी शोधायला लागलो. इंजेक्शन लागू का पडत नाही याची एक यादी असते, ती मला पाठ होती. लोह कमी आहे का? तपासलं, होतं पुरेसं, तरी शिरेतून दिलं. कुठं रक्तस्राव? नाही. कुठं जंतुसंसर्ग? नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. यादीत शेवटी एक ओळ असते, औषधाची साठवण. ती मी दर वेळी तपासायचो. अक्कांचा थर्मास उघडला की आत बर्फाचे खडे वाजायचे. बाटली बाहेर काढून मी मुठीत धरायचो. हाताला कळ लागेल इतकी गार असायची. मी त्या ओळीसमोर बरोबरची खूण करायचो.

एप्रिलअखेर अक्का मशीनवर असताना त्यांना धाप लागली आणि ओठ पांढरे पडले. आकडा पाच पूर्णांक आठ. डॉक्टर फाइलमधली हैदराबादची सूचना पुन्हा वाचून म्हणाले, रक्त द्यावं लागेल, नाहीतर हृदय दमेल. पहिली पिशवी लागली. नळीतून थेंब पडायला लागले तेव्हा अक्कांनी विचारलं, हे कुणाचं. मला माहीत नव्हतं, तशी नावं सांगत नाहीत.

"मी जात-पात विचारत न्हाई रे," त्या म्हणाल्या. "त्याला शरण म्हणायचं होतं, म्हणून." शरण म्हणजे त्यांच्यातला नमस्कार.

दुसरी पिशवी मेमध्ये. तिसरी जूनमध्ये.

जूनच्या शेवटी मी मित्राच्या बहिणीच्या लग्नाला उदगीरला गेलो. अक्कांनी किती वेळा तरी बोलावलं होतं, म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, स्वतः मात्र डॉक्टरांच्या मापाचं थोडंसं खाल्लं. मग म्हणाल्या, चल, माझं सेंटर दाखवते.

मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. आत पाय टाकला की पानांचा वास आणि ओलावा अंगावर यायचा. पाऊस लांबला होता, बाहेर रस्ता वितळत होता. भिंतीलगत विटांचे वाफे, त्यात ओली वाळू, वर गोणपाट, गोणपाटाखाली पानांच्या चळती. अक्कांनी एक चळत उचलून माझ्या गालाला लावली. मी खरोखर दचकलो, एवढी गार.

कोपऱ्यात इतरांपासून दूर एक मडकं होतं. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

"हे तुझं," त्या म्हणाल्या.

फडकं सोडलं. आत ओल्या वाळूत माझ्या बाटल्या उभ्या होत्या. सहा. सारख्या अंतरावर, गळ्यापर्यंत रोवलेल्या, वाळूवर बोटानं मारलेल्या सरळ रेघेत. पानांनासुद्धा एवढ्या प्रेमानं ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. दिवसातून तीनदा पाणी शिंपडते, अक्का सांगत होत्या. मे महिन्यात तर चारदा. येताना स्टँडवरून बर्फ घेते आणि थर्मासमध्ये टाकते.

मी वाळूत बोट घातलं. गार होती. पानाला पुरेल एवढी गार. आठ अंश कुठं आणि ती वाळू कुठं. मार्चपासून प्रत्येक बाटलीतलं औषध असंच मरत आलं होतं, आणि पाणी मरत नाही म्हणून दिसायला ते तसंच स्वच्छ होतं.

मी कसाबसा विचारलं, "अक्का, फ्रिज हाय की तुमच्याकडं."

"हाय की. सैपाकघरात. त्यात पूजेचं दूध असतंय, तम्मा. तूच सांगितलास न्हाई का, उंदराचं हाय म्हणून?" त्या हसल्या. "घ्यायचं तर घ्यायचंच. पण लिंगाच्या दुधाशेजारी कसं ठेवू? महांतेशला न्हाई बोलले. तो मास्तर, वाद घालंल."

त्या शाबासकीची वाट बघत होत्या, आणि मी म्हणालो की छान ठेवलंय. हे वाक्य मी खरोखर म्हणालो.

परत आल्यावर मी सेंटरच्या फ्रिजमध्ये जागा केली आणि अक्कांना सांगितलं की नवीन नियम आलाय, आता इंजेक्शनं इथंच राहतील. त्यांना बरंच वाटलं, थर्मासचं ओझं गेलं. ती सहा बाटल्यांची रेघ मी दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. डॉक्टरांनाही नाही. मनात म्हणत होतो की आधी आकडा वर येऊ दे, मग सांगू.

आकडा वर आला. जुलैअखेर सात पूर्णांक नऊ. ऑगस्टअखेर नऊ पूर्णांक तीन. अक्कांच्या नखांना रंग आला. मशीनवर बसल्या बसल्या त्या शेजारच्या पेशंटला पानं कशी ओळखायची ते शिकवू लागल्या. श्रावण हुकला होता, पण त्यांनी सगळ्यांना विडे वाटले. सेंटरच्या मावशी भामाबाईंना म्हणाल्या, पुढच्या वेळी मी येणार नाही, पानं तेवढी पाठवीन. मला वाटलं, सुटलो. सांगायची गरजच पडणार नाही.

अक्का आणि महांतेश हैदराबादला गेले आणि तिसऱ्या दिवशीच परत आले. ऑपरेशनच्या आधी क्रॉसमॅच पुन्हा करतात. या वेळी भांडण झालं होतं. अक्कांच्या रक्तानं महांतेशच्या पेशी मारल्या. तिथल्या डॉक्टरांनी कारणं विचारली. मुलं झाली होती का? एकही नाही. गर्भ पडला होता का? कधीच राहिला नाही. रक्त दिलं होतं का? तीन पिशव्या. मग डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही, महांतेश मला सांगत होता. आणखी काही उपचार असतात, पण अक्कांमध्ये ती तयारी फार वरची होती. मेलेल्या माणसाच्या किडनीच्या यादीत नाव घातलं, तीसुद्धा जुळणं अवघड.

सोमवारी अक्का आल्या. खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. आकडा विचारला नाही. गुरुवारीही नाही. इंजेक्शनची बाटली फ्रिजमधून काढून मी मुठीत धरली. तशीच गार, थर्मासमधली असायची तेवढीच. माझ्या हातानं तेव्हाही गार म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारी त्यांची मशीन सुरू केल्यावर मी स्टूल ओढलं. त्याच जागी, जिथं बसून मी उंदराची गोष्ट सांगितली होती. आणि या वेळी मी सगळं सांगितलं. वाळू, अंश, मेलेलं औषध, पिशव्या, त्या पिशव्यांनी काय केलं. माझी चूक कुठं होती तेही. औषध कसं बनतं हे सांगण्यात मी रमलो होतो, ते ऐकणाऱ्याच्या घरात ते कुठं ठेवलं जाईल हे विचारायचं राहिलं. आणि कळल्यावर दोन-अडीच महिने लपवलं.

अक्का छताकडे बघत होत्या.

"मग त्या वाळूतल्या सगळ्या वाया गेल्या," त्या म्हणाल्या.

"हाव, अक्का."

"मी तर पानापेक्षा जपलं होतं."

मी मान खाली घातली. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत. उलट विचारलं की महांतेशला सांगितलं का. मी नाही म्हणालो.

"त्याला सांग. मी न्हाई सांगू शकत. तेव्हापासून तो माझ्या तोंडाकडं बघंना. त्याला वाटतंय, त्याचीच किडनी नापास झाली. ताटावर बसला तरी खाली बघून जेवतोय." मग म्हणाल्या, "भांडण माझ्या रक्तानं केलं, म्हणावं. त्याचं काही चुकलं न्हाई."

आधी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून जे सुनावलं ते रास्तच होतं. नंतर सेंटरमध्ये बाहेरून आणलेली इंजेक्शनं घेणं बंद झालं आणि मोठा फ्रिज आला. महांतेशला मी गुरुवारी बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. तो ऐकत असताना चष्मा पुसत होता. मी संपवलं तरी पुसत राहिला. मला वाटलं तो मला मारील, निदान तक्रार तरी करील.

"फ्रिज मी घेऊन दिला होता," तो म्हणाला. "रोज त्यांच्या घरी जात होतो. एकदा उघडून बघितलं असतं तरी."

त्यानंतर आम्ही दोघं बाकावर तसेच बसलो. मला त्याचं समाधान करायला हवं होतं की त्याला माझं, हे कळेना. मग आत जाऊन तो अक्कांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला आणि त्यांच्या उशीवरच्या हाताला, सुयांपासून जरा लांब, हात लावून थांबला. जाताना अक्कांनी त्याला डबा विसरू नको म्हणून आठवण केली, आणि त्यानं त्यांच्याकडे बघून हो म्हटलं.

याला आता दीड वर्ष झालं. यादीतून फोन आलेला नाही. अक्का सोमवारी आणि गुरुवारी येतात. खुर्चीत बसायच्या आधी पुन्हा विचारू लागल्या आहेत, "तम्मा, आज किती?"

काल तपासणी होती. मी सांगितलं, दहा पूर्णांक सहा. एवढ्या चांगल्या आकड्यासाठी आम्ही सहा महिने धडपडलो होतो. आता तो दर महिन्याला येतो, न चुकता.

अक्का म्हणाल्या, "बरं, टोच आता."

न्यायला आलेल्या महांतेशनं बाहेर मला एक सांगितलं. ते कोपऱ्यातलं मडकं अजून तिथंच आहे. आत काही नाही, नुसती वाळू. अक्का दिवसातून तीनदा पानांवर पाणी शिंपडतात, तेव्हा त्या मडक्यातही शिंपडतात आणि फडकं परत बांधून ठेवतात. दामिनीनं एकदा विचारलं की कशासाठी. तर त्या म्हणाल्या, सुकलेलं बघवत नाही.